माळ्यावरून मोजलेली पावलं

माझं सगळं आयुष्य जमीन मोजण्यात गेलं. भोरला घर, मोजणीची नोकरी, आणि भोर-वेल्ह्यातल्या बांधांवर दोन भावकींच्या मधे उभं राहून खाल्लेल्या शिव्या, एवढीच माझी कमाई. त्यामुळे अंतराच्या बाबतीत मला कोणी काही शिकवावं, हे मला मानवत नाही. कोणाच्या घरी गेलो तरी समोरची भिंत किती फुटांवर आहे हे न विचारता सांगायची मला खोड होती. बायको म्हणायची, "चहा घ्या आधी, भिंत काही पळून जात नाही." ही खोड मोडली एका अशा माणसानं, ज्याला स्वतःच्या हाताची बोटं दिसत नव्हती.

ते माझे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. वडील शिकून भोरला आले, काका गावीच राहिले. मार्गासनीच्या पुढे वेल्ह्याच्या रस्त्याला एक फाटा फुटतो. तिथून आत गेलं की आमची वाडी, आणि वाडीच्या वर उतारावर एकाखाली एक उतरत गेलेली आमची भाताची खाचरं. सगळ्यांत खाली ओढा, आणि ओढ्याला लागूनच रान. भात पिवळं पडायला लागलं की त्या रानातून माकडं येतात, मोर येतात आणि रानडुकरं येतात. म्हणून सगळ्यांत वरच्या खाचरात चार मेढी रोवून, त्यांवर फळ्या टाकून आणि वर पेंढ्याचं छप्पर करून माळा बांधलेला असतो. रात्रीची राखण भावकीतले दोघे जण करत. सकाळ आणि संध्याकाळ काकांची. पन्नास-साठ वर्षं ते त्या माळ्यावर गोफण घेऊन उभे राहत आले होते.

काचबिंदूनं त्यांची नजर गेली. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली परत येणार नाही. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. माझा चुलत भाऊ, काकांचा मुलगा, शिवऱ्याला हायवेवर हॉटेल चालवतो. तो आला आणि म्हणाला की यंदा शेताला विजेच्या झटक्याची तार लावतो, आबांनी माळ्यावर चढायचं नाही. काका जेवायला उठेनात. काकीनं दोन दिवस हे सहन केलं आणि मग मला फोन केला, "तू ये बाबा, ह्या दोघा बाप-लेकांत म्या मधल्यामधी वाळतीया."

माझी दिवाळीला जोडून बरीच रजा शिल्लक होती. मी गेलो आणि तडजोड ठरली. एवढा एक हंगाम काकांनी माळ्यावर उभं राहायचं, पण शेजारी मी बसायचं. मी बघून सांगायचं, त्यांनी मारायचं. भावानं बजावलं, "एक दगड जरी भलतीकडं गेला, कुणाच्या गुराला लागला, माणसाला लागला, तर गोफण चुलीत आन् तार शेताला." काका म्हणाले, "कबूल." पहिल्यांदाच त्या दिवशी त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

पहिल्या सकाळी मी शहाणपणा केला. म्हटलं, तुम्ही बसा, मीच मारतो. काकांनी हसून गोफण माझ्या हातात दिली. अंबाडीच्या दोरीची, मधे विणलेली झोळी, एका टोकाला बोटात अडकवायचा फास. ओढ्यातून आणलेल्या लिंबाएवढ्या गोट्यांचा ढीग फळीवर होताच. खाली पाचव्या खाचराच्या कडेला माकडांची टोळी बसली होती. मी डोक्यावर गोफण फिरवली, टोक सोडलं. दगड माकडांच्या वरून पार रानात जाऊन पडला. झाडीत मोठा आवाज झाला आणि सगळी टोळी घाबरून उलट आमच्या भातात घुसली.

"कुठं पडला?" काकांनी विचारलं. त्यांना आवाजावरून कळलं होतंच, पण माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"जरा पलीकडे."

"शाबास! मोजणीदारानं माकडास्नी वाट दावली."

मग त्यांनी मला पहिला नियम सांगितला. दगड जनावराला मारायचा नाही, जनावराच्या अलीकडे टाकायचा. जनावर आवाजाकडं पाठ करून पळतं. दगड त्याच्या आणि भाताच्या मधे पडला तर ते रानात जातं, त्याच्या मागं पडला तर ते तुमच्या अंगावर येतं. काकांनी उभ्या आयुष्यात एकाही जनावराला दगड लागू दिला नव्हता. "लागला तर म्या चुकलो," एवढंच ते म्हणायचे.

दुसरी गोष्ट त्यांनी मला करून दाखवली. हातातला गोटा माळ्याच्या कडेवरून नुसता सोडून दिला. तो धप्पकन खाली पडला. "बघ, ही उंची दगडाला फुकट मिळती. आन् तुजा डोळा? त्यो उतारावरनं खाली घसरत जातो, घसरल्यालं समदं मोजत बसतो. वरनं बघणाऱ्याला रान लांब दिसतं. असतं जवळच."

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! कारण हे मला पाठ होतं. नोकरीत पहिल्या महिन्यात शिकवतात की डोंगरउतारावर मोजणीची साखळी उताराला टेकवायची नाही, आडवी ताणून धरायची. नकाशावर जाते ती आडवी लांबी, उताराची नव्हे. हजार वेळा मी हाताखालच्या माणसांवर ओरडलो असेन, "आडवी धर, आडवी!" आणि स्वतःच्या डोळ्यातली साखळी मात्र उताराला टेकलेली.

त्या दिवसापासून मी गोफणीला हात लावला नाही. मी फक्त सांगायचं. ओढ्याकाठी एक उंबर होता, त्याच्या डावीकडे एक तांबडी दरड आणि उजवीकडे पांढरा धोंडा. मी म्हणायचो, "उंबराच्या उजवीकडे, चाळीस पावलं, मोर." काका तोंड तिकडे करायचे, पायाच्या अंगठ्यानं फळीची कड चाचपायचे आणि गोफण एकदाच डोक्यावर फिरवून सोडायचे. फट्ट असा आवाज, मग क्षणभर काहीच नाही, आणि खाली मोराच्या पुढ्यात चार पावलांवर चिखल उडायचा. मोर रानात. बरोबर, दर वेळी. दिसत काही नाही, समोर फक्त धुक्यासारखा उजेड, आणि हात असा की मी तोंडानं बोट ठेवावं तिथे दगड पडावा. मी त्यांच्याकडे बघत बसायचो. देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर आपण उगाच हळू बोलायला लागतो, तसं मी माळ्यावर हळू बोलायला लागलो.

आणि खरं सांगायचं तर मी स्वतःवरही खूश होतो. पहिले दोन दिवस सोडले तर माझा एकही आकडा वाया गेला नव्हता. मनातल्या मनात मी उताराचं वजा करून सांगत होतो, आणि दगड बरोबर जागी पडत होता. म्हणजे नजर बसली, असा मी अर्थ काढला. जेवताना मी काकीला माझी अक्कल ऐकवायचो. ती म्हणायची, "व्हय बाबा, तुजं डोळं आन् ह्यांचं हात, मिळून येक माणूस झाला." काका भात कालवत राहायचे.

असे तीन आठवडे गेले. वरच्या दोन खाचरांची कापणी झाली. खालची इंद्रायणी अजून उभी होती, आठवडाभरात तीही निघणार होती. त्या सकाळी ऊन नुकतं वर आलं होतं आणि तोरण्याच्या खांद्यावर अजून ढग बसलेला होता. काकी गाईला गवत कापायला विळा घेऊन बांधाबांधानं खाली उतरत गेली. चौथ्या खाचराच्या बांधावर ओणवी झालेली तिची हिरवी पाठ मला दिसत होती. वारा चांगलाच सुटला होता, ओढ्याला पाणी होतं, त्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

उंबराखालची झाडी हलली. मला वाटलं माकडं. झाडीतून रानडुकरीण बाहेर आली, आणि तिच्या पायापायात पट्ट्यापट्ट्यांची पाच-सहा पिल्लं.

पिल्लांची डुकरीण म्हणजे काय, हे आमच्या वाडीत कोणाला सांगावं लागत नाही. वाडीतल्या एका गड्याची मांडी अशाच एकीनं फाडली होती, तो अजून लंगडतो. ती भातात शिरली असती तर मी फक्त भाताचा विचार केला असता. पण ती सरळ वर येत होती, चौथ्या खाचराकडे. मधे उभं भात असल्यामुळे काकीला ती दिसत नव्हती, आणि तिला काकी दिसत नव्हती. काकी कापत कापत खाली सरकत होती, डुकरीण हुंगत हुंगत वर.

मी जीव खाऊन ओरडलो, "काकी! ए काकी!" वाऱ्यानं हाक मागच्या मागे नेली. तिनं मान वर केली नाही.

"काय झालं?" काकांनी विचारलं. माझा आवाज त्यांनी असा कधी ऐकला नव्हता.

एक क्षण मला वाटलं, काकी नेमकी वाटेत आहे हे सांगू नये. नुसतं डुक्कर आलंय म्हणावं, म्हणजे हात थरथरणार नाही. पण आंधळ्या माणसाशी खोटं बोलून त्याच्या हातून दगड मारून घ्यायचा, हे मला जमेना.

"उंबराच्या रेषेत डुकरीण आहे, पिल्लं आहेत. आणि काकी तिच्या वाटेत आहे."

काका दगडासाठी वाकले होते, ते तसेच थांबले. मग हळूहळू सरळ झाले. हातात गोटा होता. तो त्यांनी टाकून दिला आणि चाचपून दुसरा, जरा जड, उचलला.

"म्हातारी किती लांब?"

"पन्नास पावलं."

"रेषा?"

"उंबराचीच. अगदी सरळ."

"आन् डुकरीण?"

"साठ."

मला आठवतंय, तो आकडा तोंडातून बाहेर पडला आणि मग मी हिशेब केला. दोघींच्या मधे दहा पावलं. दगड कमी पडला तर काकीच्या पाठीत. लांब पडला तर डुकरिणीच्या मागं, आणि मग ती पिल्लांसाठी पुढंच धावणार. मी म्हटलं, "काका, नको. मी पळत जातो."

"चार खाचरं उतरस्तवर काय ऱ्हायचं? गप बस. हाललीय का कुनी?"

"नाही. दोघी आहेत तिथंच आहेत."

त्यांनी पायाच्या अंगठ्यानं फळीची कड शोधली. तोंड उंबराकडे केलं. मी त्यांना सांगणार होतो की किंचित डावीकडे, पण ते आधीच तिकडे वळले होते. गोफण एकदाच फिरली. फट्ट.

दगड मला दिसला. काळा ठिपका, काकीच्या पाठीवरून पुढे गेला. तिच्या पुढ्यात भात दुभंगलं आणि चिखल उडाला. काकी दचकून उभी राहिली. डुकरीण जागच्या जागी गर्रकन फिरली, पिल्लं तिच्यामागे, आणि उंबराखालची झाडी हलून पुन्हा मिटली.

मी मोठ्यानं रडलो. पन्नाशीकडे झुकलेला सरकारी माणूस, माळ्यावर बसून लहान पोरासारखा रडलो, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

"कुठं पडला?" काकांनी विचारलं. या वेळी त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"मधे. बरोबर मधे."

ते खाली बसले. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले.

काकी गवताचा भारा तिथंच टाकून तरातरा वर आली. डुकरीण तिनं पाहिलीच नव्हती, फक्त डोक्यावरून घोंघावत गेलेला दगड तिला कळला होता. शिडीखाली उभी राहून तिनं तोंड सोडलं. "डोस्कं फुटलं आसतं माजं! कुनी मारला त्यो?"

भावाची अट माझ्या डोळ्यासमोर आली. काकीनं हे फोनवर सांगितलं की गोफण चुलीत. मी तोंड उघडायच्या आत काका शांतपणे म्हणाले, "ह्यानं. लई सांगितलं, ऐकतच न्हाई."

मी त्यांच्याकडे बघितलं. दिसत नसलेले डोळे समोर लावून म्हातारा साळसूदपणे बसला होता. मग काकीनं मला जे झोडपलं, ते मी मान खाली घालून ऐकून घेतलं. "सरकारी मानसाच्या हातात कुनी गोफन देतं का?" हे तिचं वाक्य वाडीत अजून चालतं. मला त्याचा जराही राग नाही. डुकरिणीचं आम्ही तिला दिवाळी संपल्यावर सांगितलं.

त्या दुपारी काका झोपले, तेव्हा मी खाली उतरलो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. तो दगड मला बघायचा होता. आणि मोजायची खोड तर होतीच.

माळ्याच्या बुडाशी टाच लावून मी उंबराच्या रेषेत चालायला लागलो. पहिलं खाचर सपाट, पावलं मोजली. बांधावरून खाली उडी, ती मोजायची नाही. दुसरं खाचर सपाट. पुन्हा उडी. तिसऱ्या खाचरात माझ्या लक्षात आलं आणि मी थांबलो. हे सगळं शेत म्हणजे आडवी धरलेली साखळीच होती. ज्यांनी ही खाचरं पाडली, त्यांनी सगळा डोंगर आडवा करून एकाखाली एक मांडून ठेवला होता. काका जन्मभर त्यातून चालले होते. त्यांच्या पायांना उतार माहीतच नव्हता, फक्त आडवी पावलं.

काकीचा गवताचा भारा तिथंच पडला होता. सदतीस पावलं. मी पन्नास सांगितली होती.

पुढे चिखलात गोटा रुतला होता, भोवती भाताच्या चार लोंब्या मोडलेल्या. एक्केचाळीस. आणि त्याच्यापुढे डुकरिणीच्या खुरांचे वळलेले ठसे. पंचेचाळीस.

मी साठ म्हणालो होतो. माझ्या आकड्यावर दगड मारला असता, नेहमीसारखी चार पावलं अलीकडे धरूनसुद्धा, तर तो डुकरिणीच्या अकरा पावलं मागे पडला असता. मी तिथंच बांधावर बसलो. तो गोटा उचलायचं धाडस मला झालं नाही.

संध्याकाळी माळ्यावर मी विषय काढला. "काका, मी साठ म्हणालो होतो."

"व्हय, ऐकलं की म्या."

"ते पंचेचाळीसच होतं."

"आसंल."

"मग तुम्ही साठाला का नाही मारलं?"

त्यांनी गोफणीची दोरी बोटाभोवती गुंडाळली. "तू पयल्या दिसापास्नं जास्तच सांगतूस. चारातलं येक काडायचं. चाळीस म्हनलास की तीस, साठ म्हनलास की पंचेचाळीस. दोन दिसांत कळलं मला, दगड पडल्याच्या आवाजावरनं."

तीन आठवडे. माझी नजर बसली म्हणून मी काकीपुढे मिशीला पीळ भरत होतो, आणि हा माणूस शेजारी उभा राहून माझी चूक रोज मुकाट्यानं दुरुस्त करत होता. मी चिडलोच. म्हटलं, "मग मला सांगायचं नाही? मी सुधारलो असतो! आणि एवढा चुकतो तर मला बसवलंतच कशाला?"

"मला दिसत न्हाई म्हनून," ते म्हणाले. "आन् तू चुकतूस, पर रोज येकसारखा चुकतूस. त्याच्यावर भरवसा ठेवता येतो."

बोटाभोवतीची दोरी त्यांनी सोडवली. मग म्हणाले, "आज मला भ्याव त्येचंच व्हतं. म्हातारीला बघून तू भ्यालास, म्हनलं आता आकडा भलताच सांगनार. पर न्हाई. म्हातारी चौथ्या बांधाला गवताला गेल्याली, त्यो बांध सदतिसाला; तू पन्नास म्हनलास. भ्यालास तरी तेवढाच चुकलास. तेवढ्यावर म्या हात सोडला."

मी फळीवरचे गोटे उगाच एका रांगेत लावायला लागलो.

"आता सुदारू नगंस," ते म्हणाले. "भात निघंस्तवर तरी."

अजून आठवडा होता. रोज सकाळी मी माळ्यावर त्यांच्या शेजारी बसलो. चारातलं एक काढायचं हे मला आता ठाऊक होतं, खरा आकडा जिभेवर यायचा. तो मी गिळायचो आणि आधीसारखा मनाला वाटेल तोच सांगायचो. मोर आला की म्हणायचो, "पांढऱ्या धोंड्याच्या डावीकडे, चाळीस." काका फळीची कड चाचपायचे आणि तीस धरून मारायचे.